बावीस रुपयांचा उन्हाळा

होळी झाली, की नागपुरात आमच्या बेसाच्या गल्लीत माळ्यांवरचे कूलर खाली उतरतात. कोणी पत्र्याला रंग देतं, कोणी मोटारीत तेल सोडतं, आणि कोपऱ्यावर हातगाडीवाला वाळ्याच्या नव्या ताट्या घेऊन उभा राहतो. मी दरवर्षी त्याच्याकडून तीन ताट्या घेतो, घरी आणून बसवतो, पंप चालू करतो आणि खुर्ची ओढून समोर बसतो. पहिलं पाणी वाळ्यावरून ओघळतं आणि तो वास येतो. घरातली बाकीची माणसं हुश्श म्हणतात. मला मात्र त्या वासाच्या पाठोपाठ दुसरा एक वास येतो, भाजलेल्या कणकेचा आणि कडेला करपलेल्या चीजचा. हे दोन वास एकत्र येण्याचं तसं काही कारण नाही. पण माझ्या एका उन्हाळ्यात ते एकत्र होते, आणि तेव्हापासून मला ते वेगळे करता आलेले नाहीत.

यंदा आणखी एक निमित्त झालं. मुलगा आम्हा दोघांना शहरातल्या एका नव्या रेस्टॉरंटात घेऊन गेला. लाकडी पाटावर पिझ्झा आला. पातळ, कडेला फुगलेला, वर चार हिरवी पानं. यादीतला भाव मी आधीच बघून ठेवला होता. ती जुनी खोड आहे. मुलगा पिझ्झा कापता कापता म्हणाला, "बाबा, खरं सांगा. एवढ्या पैशाचा असतो का हो हा?"

मी हसलो, पण हात जरा थांबलाच. त्याला काय माहीत, हा प्रश्न मला एका उन्हाळ्यात रोज कोणी ना कोणी विचारत होतं, आणि माझी नोकरी त्या प्रश्नाला टांगलेली होती.

मी मूळचा वेंगुर्ल्याच्या बाजूचा. सातवीनंतर शाळा सुटली. सुटली म्हणजे, एका पावसाळ्यानंतर मी परत गेलो नाही आणि कोणी बोलवायलाही आलं नाही. मग तालुक्याच्या गावी बेकरीत कामाला लागलो. बरीच वर्षं पाव भाजले. बेकरी बंद पडली, तेव्हा आमच्या गावचा एक माणूस नागपुरात रेल्वेच्या कँटीनमध्ये होता, त्याच्या पत्त्यावर मी निघालो. तेवीस वर्षांचा होतो. पत्र्याची पेटी, त्यात दोन शर्ट आणि आईने दिलेली कोकमं. ऐंशीचं दशक अर्धंअधिक सरलं होतं.

समुद्राकाठच्या माणसाला नागपूरचं ऊन समजायला वेळ लागतो. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे चिकचिक. इथे घाम येतो आणि आला त्या क्षणी वाळतो, अंगावर नुसतं मीठ राहतं. दुपारी बारा ते चार रस्त्यावर माणूस दिसत नाही. लोक डोक्याला, कानाला पांढरा दुपट्टा गुंडाळून सायकली मारतात. पहिल्या आठवड्यात माझे ओठ फुटले, नाकातून रक्त आलं, आणि मला वाटलं, आता काही मी जगत नाही.

त्या गाववाल्याने मला मधुकररावांकडे नेलं. त्यांचं हॉटेल सदर भागात होतं. घरची संत्र्याची बाग कळमेश्वरकडे, पण जीव या हॉटेलात. त्यांचा मुलगा विलास मुंबईला हॉटेलचं शिक्षण घेऊन आला, त्याने मागच्या अंगणात पावभट्टीच्या मिस्त्रीकडून विटांची भट्टी बांधून घेतली, दारावर पिझ्झ्याची पाटी लावली, आणि दोन महिन्यांत मुंबईलाच मोठी नोकरी लागली म्हणून निघून गेला. मागे भट्टी राहिली आणि एक वही राहिली. मालकांना भट्टी कळणारा माणूस हवा होता.

"शिकला किती?" त्यांनी विचारलं.

"सातवी." हे सांगताना माझी मान नेहमी खाली जायची.

"भट्टी समजते?"

"समजते."

"मग झालं. मी तं सहावीतूनच पळून गेलो होतो." आणि गल्ल्याच्या खणातून एक कांदा काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला. "खिशात ठेव. ऊन लागत नाही. डोक्याले काही न बांधता फिरून राहिला तू, मरशील ना बे!"

तो कांदा मी कितीतरी दिवस खिशात बाळगला. अजूनही कोणी मला विचारलं की नागपूर कसं, तर मला तो हातात ठेवलेला कांदा आठवतो. पण कांद्याबरोबर त्यांनी एक अटही सांगितली. "हे पाह्य. आता कूलर लावले हाय. कूलर निघतपर्यंत पाहू. चालला पिझ्झा तं चालला. नाही तं भट्टी पाडतो अन् तेथी कुल्फीचं मशीन ठेवतो."

मशीनला माझी काही गरज नव्हती. म्हणजे माझी नोकरी कूलर निघेपर्यंत. सगळं नागपूर मे महिन्यात आभाळाकडे बघत होतं, एखादा ढग दिसू दे म्हणून. मी पण बघायचो. ढग दिसला की कूलर निघायला किती दिवस उरले, ते मोजायचो.

भाव होता बावीस रुपये. त्याच हॉटेलात चार रुपयांत मसाला डोसा मिळायचा आणि वर सांबार मागाल तितकं. लोक यादी उघडायचे, बोट खाली खाली न्यायचे आणि तिथे येऊन थांबायचे. ऑर्डर घेणं माझ्याकडेच होतं, त्यामुळे ते थांबलेलं बोट रोज मला बघावं लागायचं.

"बावीस? काहून गा, सोन्याचा वर्ख लावता काय?"

"एवढ्यात तं आमचे घरचे सारे सावजीच्या खानावळीत जेवून येतीन."

"अर्धा भेटते काय? नाही? मंग पाव?"

एक म्हातारेबुवा दुसऱ्या टेबलावरचा पिझ्झा चष्म्यातून बघत बायकोला म्हणाले, "पोळी पुरली नाही वाटते, म्हणून भाजी वरूनच ठेवली." बाई इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मी पण हसायचो. आणि मग मला शिकवून ठेवलेलं वाक्य बोलायचो, "साहेब, मुंबईत हाच चाळीसला आहे." काही लोक मुंबईचं नाव ऐकून गप्प व्हायचे आणि मागवायचे. पण मुंबई मी पाहिली होती ती व्ही.टी.च्या फलाटावरून, पत्र्याच्या पेटीवर बसून, पुढची गाडी येईपर्यंत. तिथे पिझ्झा कितीला मिळतो, मिळतो की नाही, मला काय ठाऊक? वाक्य तोंडातून जायचं आणि मान आपोआप खाली व्हायची. सातवी सांगताना व्हायची तशीच.

खरं तर मला त्या लोकांना हसायचा हक्क नव्हता आणि पटवायचाही नव्हता, कारण भाव या गोष्टीने मी स्वतःच चक्रावलेलो होतो. त्याच उन्हाळ्यात मी सीताबर्डीच्या बाजारात हापूसची पेटी पाहिली. गवतात बसवलेले आंबे, आणि एक चांगल्या कपड्यांतला माणूस डझनाचा भाव करतोय. आमच्या परसात ते झाडाखाली पडून असायचे. पायाखाली यायचे. आई म्हणायची, एवढे उचल रे, गुरं तरी खातील. मी त्या पेटीसमोर बराच वेळ उभा राहिलो. आंबा तोच, वासही तोच. मग तो माणूस पैसे कशाचे देत होता? ट्रकचे, गवताचे, का आपल्या दारात कोकण नाही याचे? दुकानदार म्हणाला, "घ्याचा हाय का नुसताच वास घेऊन राहिला?" मी पुढे सरकलो.

आता त्या वहीचं सांगतो.

विलासने वहीत सुंदर अक्षरात सगळं लिहून ठेवलं होतं. मैदा किती, कणीक किती, यीस्ट किती. आणि मग: "पीठ मळून दोन तास उबदार जागी ठेवावे." मी ठेवायचो. नागपूरच्या मे महिन्यात भट्टीच्या खोलीत उबदार नसलेली जागाच नव्हती. पीठ अर्ध्या तासात पातेल्याच्या काठावर यायचं, तासाभरात बाहेर सांडायचं, आणि दोन तासांनी त्याला असा आंबूस वास सुटायचा की माशा यायच्या. वरून कोरडी साल धरायची, आतून चिकट. भाजलं की कडक पापड. गिऱ्हाइकं तुकडा दातांनी ओढायची आणि माझ्याकडे बघायची.

कोणी म्हणेल, इतकी वर्षं बेकरीत काढलेल्या माणसाला हे कळू नये? कळत होतं. बोट लावलं की कळत होतं, पीठ पुढे गेलं. पण वहीत दोन तास लिहिलं होतं. शाळा अर्ध्यात सोडलेल्या माणसाला लिहिलेल्या अक्षराचा फार धाक असतो. आपल्या हाताला जे कळतं ते खरं नसणार, कारण आपण सातवी. वहीतलं खरं असणार, कारण ते शिकलेल्याने लिहिलंय. मी घड्याळ समोर ठेवून दोन तास पुरे व्हायची वाट बघत बसायचो, आणि पीठ माझ्या डोळ्यांदेखत बिघडायचं.

रविवारी मागच्या अंगणात अनसूयाबाई यायच्या. खापा गावच्या. नवरा नामदेवभाऊ पूर्वी खाप्याला मागावर बसायचे. माग बंद झाला तशी दोघं मुलाकडे नागपूरला आली होती. अनसूयाबाई लांब रोटी करायच्या. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो, चुलीवर माठ उलटा ठेवतात. कणीक इतकी सैल भिजवतात की ती परातीत आपटून आपटून रबरासारखी होते. मग त्याचा एक उंडा, म्हणजे गोळा, तळहातावर घ्यायचा आणि तो हातावर खेळवत खेळवत कोपरापर्यंत पसरवायचा. दोन्ही हातांवर धुतलेलं पातळ वाळत घातल्यासारखी ती रोटी लोंबते. मग अलगद माठावर. पापणी लवते तेवढ्यात भाजते, आणि लगेच घडी करून ताटात. लगेच खावी लागते, नाही तर वातड होते. रविवारी तिच्यासाठी आख्खी कुटुंबं यायची.

एका रविवारी त्या पाणी प्यायला भट्टीच्या खोलीत आल्या आणि दारातच थांबल्या. "हे काय मेलं हाय वो इथं?"

"पिझ्झ्याचं पीठ आहे."

त्यांनी बोट खुपसलं. "उंडा आंबून गेला पुरा. वास नाही येऊन राहिला काय तुले?"

"अजून वीस मिनिटं आहेत. वहीत दोन तास लिहिलंय."

"वही कोठं लिहिली?"

"मुंबईला."

"मंग वहीले मुंबईले नेऊन दे ना गा! हे नागपूर हाय."

त्यांनी ते सगळं पीठ बाजूला काढायला लावलं. माझ्याकडून नवं मळून घेतलं, यीस्ट चिमूटभर, पाणी माठातलं. मग परात उचलून त्या थेट मोठ्या कूलरच्या मागे गेल्या, जिथे वाळ्यातून पाणी ठिबकत असतं आणि फरशी सदा गार असते. तिथे परात ठेवली, वर ओलं फडकं टाकलं. "आता वहीकडं पाहू नको. फडक्याकडं पाह्य." पीठ हळूहळू, शहाण्या माणसासारखं फुगलं. त्यांनी एक उंडा घेतला आणि सवयीने हातावर पसरवायला लागल्या. कोपरापर्यंत आला तशी मी ओरडलो, "बाई, एवढा नाही! ताटाएवढाच!"

"कंजूस हाय तुमचा पिझ्झा," त्या म्हणाल्या आणि हात आवरता घेतला.

दुसऱ्या दिवसापासून मालकांनी त्यांना रोज बोलावलं. विलासने आणलेली सुक्या विलायती पाल्याची पुडी जूनआधीच संपली, तेव्हा वास साधारण तसाच येतो म्हणून बाईंनी ओवा टाकला. ज्यांना तो फरक कळला असता अशी माणसं आमच्याकडे येत नव्हती. उलट एक गिऱ्हाईक म्हणालं, "याच्यानं पोट हलकं राहते." मग ओवा कायमचा झाला. पिझ्झा थोडा थोडा खपू लागला. रोज चार, कधी सहा. पण भट्टी वाचेल एवढा नाही. आणि माझं मुंबईचं वाक्य चालूच होतं.

एका सकाळी उंडे करता करता बाईंनी विचारलं, "तू खाल्ला काय गा कधी, पुरा?"

"नाही. कडेचे तुकडे खाल्लेत. मोडलेले."

"मंग लोकाले कसा सांगतो, एवढ्याचा हाय म्हणून?"

"सांगावं लागतं," एवढंच म्हणालो.

"मी बी नाही खाल्ला." त्यांनी हातावरचा उंडा फिरवला. "खाऊन पाहा लागंल. पण येथी उभ्यानं नाही. तिकडं टेबलावर. पैसे देऊन."

"मालक तुम्हाला असाच देतील."

"फुकट खाल्लं तं भाव कसा समजंन रे कोकण्या?"

मला वाटलं, बोलल्या, विसरतील. पण त्या दिवसापासून माझी झोप गेली म्हणा ना. त्यांना नाही आवडला आणि हात झटकून म्हणाल्या, कशाला लोकांना फसवता, तर? त्या गेल्या तर पीठ गेलं, पीठ गेलं तर भट्टी, भट्टी गेली तर मी. आणि त्याहून वाईट भीती अशी, की त्या जे म्हणतील ते खरं असेल.

मे संपता संपता, एका दुपारी तीनच्या सुमाराला, त्या आल्या. रोज मागच्या फाटकातून यायच्या. त्या दिवशी पुढच्या दारातून आल्या. हिरवं नऊवारी, केसांना तेल. मागे नामदेवभाऊ, धुतलेलं धोतर, पांढरी टोपी. उंडा त्यांनी सकाळीच करून, पसरवून, ओल्या फडक्याखाली ठेवलेला होता. हॉलमध्ये फक्त एक साहेब होते, बायको आणि दोन मुलींबरोबर. त्यांचं बोट नेमकं बावीसवर येऊन थांबलेलं होतं आणि मी त्यांच्यापाशी उभा होतो.

बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या, पाठ न टेकता. मी पाणी नेऊन ठेवलं. "काय देऊ?"

"तुले माहीत नाही?" मग जरा मोठ्याने, यादीवर हात ठेवून, "एक पिझ्झा."

मालकांनी गल्ल्यावरून मान वर केली.

नामदेवभाऊंना राहवेना. ते त्या साहेबांकडे वळून म्हणाले, "हे इथंच कामाले हाय जी. हे गोल गोल हेच करते."

"असं होय!" साहेब म्हणाले. "मग बाई, तुम्हीच सांगा. घ्यावा का आम्ही?"

"थांबा जी. खाऊ तं द्या."

मी भट्टीकडे गेलो. टोमॅटोचा रस लावला तो कडेबाहेर गेला. चीज जास्त पडलं. आत सरकवला, आणि रोज डोळे मिटून काढायचो तो पिझ्झा त्या दिवशी दोनदा वाकून बघितला. तरी एका बाजूने जरा जास्तच लागला. तसाच घेऊन गेलो.

बाईंनी आधी तो उचलून खालची बाजू बघितली. "इकडून जास्त लागला."

"हो."

मग एक तुकडा तोडला. नामदेवभाऊंनी पहिला घास घेतला आणि इकडे तिकडे बघू लागले. "तिखट कोठं हाय याच्यात?" मी स्वयंपाकघरातून रश्शाची वाटी आणून दिली. त्यांनी पिझ्झा रश्शात बुडवला आणि चेहरा उजळला. "हां! आता कसं!" साहेबांच्या मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्या हळूहळू चावत होत्या. कूलर घरघरत होता, वाळ्यावरून पाणी ठिबकत होतं. मी तिथून हलायला हवं होतं, पण हललो नाही. त्यांनी कडेचा करपलेला भागही खाल्ला. बोटं पुसली.

"महाग हाय," त्या म्हणाल्या. हळू नाही, स्पष्ट.

गल्ल्यावर मालकांची पेन्सिल थांबली.

"कणीक हाय, टमाटे हाय, ओवा हाय. अन् ते पांढरं. ते पांढरं तं मले काही समजलं नाही. बावीस रुपये नाही लागत याले."

साहेबांनी यादी मिटली. बाई मात्र आपल्या हातांकडे बघत होत्या.

"पण पाहा जी. लगन झालं तवापासून मी लांब रोटी करून राहिली. ते गरमच खा लागते. मी करत राहते अन् लोकं खात राहतात. माह्या वाट्याले येते तवा चूल बी थंडी होऊन जाते, अन् रोटी चामड्यावानी. आपल्या हातचं गरम कसं लागते, ते मले आज समजलं."

नामदेवभाऊ वाटीतून डोकं वर काढून म्हणाले, "मी तं नेहमी गरमच खाल्ली. चांगलीच लागते."

"तेच सांगून राहिली मी," बाई म्हणाल्या.

साहेबांच्या पत्नी इतका वेळ मुलीच्या वेणीशी काहीतरी करत होत्या. त्यांचा हात थांबला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "मग? काय करायचं?"

मुंबईचं वाक्य ओठापर्यंत आलं. चाळीस रुपये, मुंबई, सगळं आलं. आणि तिथेच राहिलं. "महाग आहे साहेब," मी म्हणालो. "बाई म्हणतात ते खरं आहे."

त्यांच्या पत्नीच मग म्हणाल्या, "एक आणा."

बाईंचे पैसे मालक घेईनात. त्यांनी नोटा ग्लासाखाली ठेवल्या, नवऱ्याची टोपी सरळ केली आणि आल्या तशा पुढच्याच दाराने गेल्या.

संध्याकाळी मालकांनी मला बोलावलं. मी हात मागे बांधून उभा राहिलो. "गिऱ्हाइकासमोर महाग हाय म्हणाला बे तू?"

"हो."

"अन् त्यायनं तरी मागवला?"

"हो."

त्यांनी पेन्सिल कानात फिरवली. "मुंबईचं सोडून दे मंग," ते म्हणाले. मला धीर आला, तेवढ्यात पुढे म्हणाले, "पण एक सांगतो. एकदा तं कोणी बी येते गा. नवं हाय म्हणून येते. दुसऱ्यांदा कोण येते, ते पाहून राहिलो मी. साहेब नाही येत दुसऱ्यांदा. अनसूयाबाई बी नाही येत."

पुढचे पंधरा दिवस मला लख्ख आठवतात, आणि त्यात काहीही घडलं नाही. मी लोकांना सांगू लागलो, महाग आहे. काही उठून जायचे, डोसा मागवायचे. काही बसायचे. खप वाढला नाही, कमीही झाला नाही. फरक एवढाच, की सांगताना माझी मान वर राहायची. बाई रोज मागच्या फाटकाने यायच्या, उंडे करायच्या, त्या दुपारबद्दल अवाक्षर काढायच्या नाहीत. मला विचारायचा धीर नव्हता. विचारणार तरी काय? परत जेवायला येता का, म्हणून? त्यांच्या कष्टाचे पैसे माझ्या नोकरीसाठी खर्च करा, असं कोणत्या तोंडाने म्हणू? आभाळ रोज थोडं थोडं काळवंडत होतं. अंगणातली मुलं ढग बघून नाचायची आणि मी परातीवरचं फडकं ओलं करत बसायचो.

परवा मुलाला मी काय सांगितलं, ते सांगायचं राहिलंच. "महाग आहे," मी म्हणालो. मग पाटावरचा पहिला तुकडा उचलून त्याच्या आईच्या ताटात ठेवला. ती म्हणाली, अहो, त्याला द्या आधी, तो किती दमून आलाय. मी म्हटलं, खा गं, गरम आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं, की या माणसाला आज काय झालंय. इतक्या वर्षांत मी हे किती वेळा केलं असेल? बोटांवर मोजण्याइतकं. शिकलेलं लक्षात राहतं, अंगात मुरायला फार वेळ लागतो. वहीतलं असो, की एखाद्या बाईने समोर बसून सांगितलेलं.

कूलर निघाले तो दिवस सांगून संपवतो.

दोन दिवस पाऊस पडून गेला होता. सकाळी मी माझी पत्र्याची पेटी भरून खोलीच्या दाराशी ठेवली. कोणी जा म्हणायच्या आत आपण तयार असलेलं बरं, अशी माझी समजूत. मालक स्वतः स्टुलावर चढून मोठ्या कूलरचे स्क्रू काढत होते. भट्टीबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. भट्टी पेटलेली होती, कारण पेटवू नको असं कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारी पुढचं दार उघडलं. अनसूयाबाई. तेच हिरवं नऊवारी. पण या वेळी नामदेवभाऊ नव्हते. मागे डोक्यावर पदर घेतलेली एक तरुण बाई होती, नजर जमिनीवर.

"ही माह्यी सून," बाईंनी सांगितलं, माझ्याकडे बघून, पण मालकांना ऐकू जाईल असं. "एक पिझ्झा आण गा. अन् जाळू नको मागच्यावानी."

मालक स्टुलावरून खाली उतरले. हातातला स्क्रूड्रायव्हर खिशात घालून त्यांनी स्वतः दोन ग्लास पाणी नेऊन ठेवलं. परत येताना माझ्यापाशी थांबले आणि उगाच खेकसले, "पाहून काय राहिला बे? भट्टीत लाकडं टाक. अन् ते दारातली पेटी उचल, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येऊन राहिली." ती भट्टी पुढे मी कितीतरी वर्षं पेटवली.

मी पिझ्झा घेऊन गेलो तेव्हा सून बसलेली होती, पण जेमतेम. ताट समोर आलं मात्र, ती सवयीने उठली. पदर खोचला, माझ्या हातातलं ताट घेतलं, पहिला तुकडा सासूच्या पुढ्यात ठेवला आणि तिथेच, खुर्चीला लागून, उभी राहिली.

अनसूयाबाईंनी तिच्या पदराला धरून तिला खाली ओढलं.

"बस वं," त्या म्हणाल्या. "येथी आपल्याले उठा नाही लागत."